मुंबई-लंडन: अंतर एकच, मग जायला वेळ जास्त का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुंबई-लंडन अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००. म्हणजे आठ तास. मग तिकिटावर जाताना साडेनऊ-दहा तास आणि येताना नऊच्या आसपास कसे?

मुख्य कारण वारा. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. ९०० हा विमानाचा हवेतला वेग. जमिनीवरचं अंतर किती कापलं जाणार, ते वाऱ्यावर. वाटेत सरासरी ताशी ८० किलोमीटरचा वारा धरा. जाताना तो समोरून, वेग उरला ८२०: ८ तास ४७ मिनिटं. येताना पाठीशी, वेग ९८०: ७ तास २१ मिनिटं. जवळजवळ दीड तासाचा फरक इथेच पडला. हिवाळ्यात वारा आणखी जोर धरतो, तेव्हा फरकही वाढतो. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, हा समज मात्र सोडून द्या. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.

आता ते ७,२००. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघाच. सपाट नकाशावरची रेघ तुर्कस्तान-सीरियाच्या सीमेजवळून जाते. दोरा जातो कराची, इराण, कॅस्पियन समुद्र, क्रिमिया, युक्रेन, पोलंड असा, बराच उत्तरेकडून. हीच सगळ्यात जवळची वाट, आणि नेमकी तीच मोकळी नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मग त्यांना अरबी समुद्रावरून ओमानकडे वळून जावं लागतं. परदेशी कंपनीला ती बंदी नाही. म्हणून तिकीट काढताना कंपनी-कंपनीच्या वेळा ताडून बघा.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईत धावपट्टीसाठी रांग, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर गर्दी असली की उतरण्याआधी घिरट्या: विमानं हजार-हजार फुटांच्या अंतराने एकावर एक फिरत राहतात, खालचं उतरलं की वरचं एक पायरी खाली येतं. अर्धा-पाऊण तास यातच जातो.

घड्याळाचा हिशेब सगळा भारतीय वेळेत करा, शेवटी बदला. रात्री २ ला निघालात, १० तास लागले, तर भारतात दुपारचे १२. हिवाळ्यात साडेपाच तास वजा: लंडनला सकाळचे ६:३०. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचारच वजा: ७:३०. पुढची बस किंवा ट्रेन ठरवताना इथेच एका तासाची चूक होते.

येताना तारीख बदलते. हिवाळ्यात लंडनहून रात्री ९:३० ला निघून पावणेनऊ तासांत आलात, तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळचे ११:४५. घ्यायला येणाऱ्यांना ती दुसरी तारीख कळवा.