तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन मशीन जुन्यापेक्षा किती पट?

तासगाव, विटा, जतकडची पोरं, ज्यांनी घरातल्या एका खोलीत रेकॉर्डिंगचा सेटअप लावलाय, ती सांगलीला स्टुडिओत आली की हमखास विचारतात, "दादा, नवीन मशीन जुन्यापेक्षा किती पट पॉवरफुल? घेऊ का?" मशीन म्हणजे रेकॉर्डिंगचा कॉम्प्युटर. फोनवर दोन वाक्यांत सांगून भागत नाही म्हणून एकदा बसून लिहितोय.

कागदावरचं "किती पट" लगेच मिळतं. प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचंच घ्या, त्याच्यासाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड बसवायचे. २००३ च्या एचडी अ‍ॅक्सेल कार्डवर ९ डीएसपी चिप (फक्त आवाजाचं गणित करणाऱ्या) होत्या, २०११ ला एचडीएक्स आलं त्याच्या एका कार्डवर १८, आणि कंपनीचा दावा होता की नवं एक कार्ड जुन्याच्या पाचपट. चिप दुप्पट मग ताकद पाचपट कशी? कारण चिपच वेगळी, जास्त वेगाची, शिवाय जुनी २४ बिट फिक्स्ड पॉइंटमध्ये गणित करायची आणि नवी ३२ बिट फ्लोटिंगमध्ये, म्हणजे आकडे मांडायची पद्धतच वेगळी. त्यामुळं नुसत्या चिपा मोजून नाहीतर मेगाहर्ट्झ शेजारी शेजारी मांडून दोन पिढ्यांची तुलना होतच नाही.

बरं, कागदावरची ताकद सगळी हातात पडते असंही नाही. जुन्या टीडीएमला, म्हणजे त्या जुन्या कार्डांच्या पद्धतीला, एक प्लगइन (आवाजावर काम करणारा छोटा प्रोग्रॅम) एकाच चिपमध्ये मावायला लागायचं, अर्धं इकडं अर्धं तिकडं चालायचं नाही, त्यामुळं चार चिपांवर थोडी थोडी जागा शिल्लक असायची आणि तरी मोठा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा प्लगइन) टाकायला गेलं की जागा नाही. आजच्या प्रोसेसरची गत फार वेगळी नाही. ट्रॅकवर आधी ईक्यू (खर्ज-तीव्र कमीजास्त करणारा), मग कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार आवरणारा), मग रिव्हर्ब, आता मागच्याचा आवाज हातात आल्याशिवाय पुढच्याला कामच सुरू करता येत नाही, म्हणून ती अख्खी साखळी एकाच कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागाच्या, अंगावर पडते. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथं, सात जड प्लगइन लावले तर बाकीचे कोअर रिकामे असून उपयोग नाही.

मला हे खरं कळलं ते एका भजनाच्या रेकॉर्डिंगला. जुना डीएसपी कार्डवाला टॉवर बाजूला करून नवाकोरा आठ कोअरचा लॅपटॉप लावला होता. मिरजेचा तानपुरा आधीच घेऊन झालेला, गायला सत्तरीच्या एक बाई उभ्या. बफर, म्हणजे मशीन आवाजाचे किती तुकडे (सॅम्पल) एका वेळी गोळा करून गणित करतं तो आकडा, १०२४ वर होता, सेकंदाला ४४.१ हजार सॅम्पल या दरानं (सॅम्पल रेट) ते होतात साधारण २३ मिलिसेकंद, आणि आवाज आत येऊन परत कानात जाईपर्यंत त्याच्या दुपटीच्या आसपास. बाईंनी दोन ओळी म्हटल्या, हेडफोन एका कानावरनं सरकवला आणि म्हणाल्या, "बाळा, माझाच आवाज माझ्या मागनं येतोय." मी बफर ६४ वर आणला तर कडकड सुरू. कारण ६४ ला मशीनला दर दीड मिलिसेकंदाच्या आत सगळ्या सेशनचं, म्हणजे त्या गाण्याच्या सगळ्या ट्रॅक आणि प्लगइनचं, गणित संपवून द्यावं लागतं, मग सरासरी वेग कितीका असेना, मागं वायफायनं काहीतरी उचललं आणि एकदाच उशीर झाला तरी कानात कड्क ऐकू येतं. जुन्या कार्डावर चिपचा वेळ आधीच वाटून दिलेला असायचा, मावलं तर गाणं संपेपर्यंत चालणार, नाही मावलं तर सुरुवातीलाच नाही म्हणणार. मिक्सिंगला नव्या लॅपटॉपनं जुन्याला कुठल्या कुठं मागं टाकलं होतं, पण त्या दिवशी बाईंचा सुरेख लागलेला आवाज त्याच्यापायी वाया गेला, अजून वाईट वाटतं मला.

आणखी एक, मे महिन्यात दुपारी लाइट गेली, एसी बंद पडला की लॅपटॉप तापून स्वतःच वेग कमी करतो. हिवाळ्यात बघितलेला आकडा तेव्हा धरून चालायचा नाही.

म्हणून मी पोरांना सांगतो, तुझं सगळ्यात जड सेशन पेनड्राइव्हवर घेऊन ये. दोन्ही मशीनवर तेच सेशन, तोच सॅम्पल रेट, बफर ६४, आणि तोच एक रिव्हर्ब एकेक करत वाढवत जायचा, कडकड कुठं सुरू होते तिथं थांबून किती लागले ते मोजायचं. तुझ्या कामापुरतं "किती पट" ते तेवढंच.

परवा विट्याचा एकजण असाच आला, गाताना आवाज उशिरा येतो म्हणून नवीन मशीन घ्यायच्या तयारीत. सेशन उघडलं तर मास्टरवर लिनिअर फेज ईक्यू आणि लुकअहेड लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा). ही दोन्ही पुढचा आवाज आधी बघून मग काम करतात, त्यासाठी मुद्दाम थांबतात, तो उशीर जगातलं कुठलंही मशीन कमी करू शकत नाही. रेकॉर्डिंगपुरते दोन्ही काढले, त्याच्याच जुन्या लॅपटॉपवर बफर ६४ केला आणि त्याला माइकसमोर उभं केलं. मुखडा गायला, थांबला, हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला आणि म्हणाला, "दादा, अजून एकदा घेऊया का?"