ठोका इंजिनाचाच होता का?

"क्रँकचा मागचा सील गेलाय, तेल गळतंय, बेअरिंग वाजतंय. इंजिन उतरवावं लागेल असं सगळे म्हणतात." ट्रकमालक गाडीतून खाली उतरले ते हेच सांगत. दोन ठिकाणी दाखवून आले होते आणि दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं होतं. जुना ट्रक, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, इंधनपंप जुन्या यांत्रिक पद्धतीचा. गाडी ते स्वतःच चालवतात. त्यामुळे इंजिन उतरवायचं म्हणजे खर्च तर आहेच, शिवाय तितके दिवस कमाई बंद.

"खोलायचं तर खोलू, काका. पण आधी मला आवाज ऐकू द्या," मी म्हटलं.

आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, हे गाडी चालवणाऱ्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी मी विचारत बसतो. गार इंजिनावर येतो की गरम झाल्यावर? भरल्या गाडीने चढ चढताना वाढतो का? क्लच दाबला की बदलतो का? काका म्हणाले, "चढाला काही फरक पडत नाही, मिस्त्री. गर्दीत जास्त वाजतं. मोकळ्या रस्त्याला लागलो की कधी कधी बराच वेळ आवाजच नसतो."

हे उत्तर माझ्या डोक्यात अडकून बसलं. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलं असेल तर ठोका भाराबरोबर वाढतो. चढावर तो लपत नाही आणि मोकळ्या रस्त्यावर मनाला येईल तेव्हा गायबही होत नाही. पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, सैल झाला असेल तर सकाळी गार इंजिनावर जास्त वाजतो आणि गरम झाल्यावर दबतो. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा, आवाज हलका, वरच्या अंगाने येणारा. व्हॉल्व्ह चालवणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरते, म्हणून मिनिटाला 600 फेऱ्यांच्या आयडलिंगला (रेस न देता नुसतं इंजिन चालू) एका व्हॉल्व्हची टकटक सेकंदाला पाचदाच पडते. सवयीच्या कानाला ती चाल ओळखू येते. इथला ठोका जड होता, खालच्या अंगाचा, आणि त्याची चाल टॅपेटपेक्षा खूप जलद होती.

डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्यावर जुन्या गाडीत माझा विश्वास नसतो. ब्लॉकच्या मुख्य ऑइल गॅलरीवर हाताने लावायचा गेज बसवला आणि इंजिन पूर्ण गरम होऊ दिलं. मेन (क्रँकची) आणि बिग एंडची (रॉडच्या खालच्या टोकाची) बेअरिंगं झिजली असतील तर तेल त्या वाढलेल्या फटीतून निसटतं आणि गरम आयडलिंगला दाब पडतो. इथे दाब आयडलिंगलाही व्यवस्थित होता आणि रेस दिल्यावरही. बेअरिंगवरचा माझा संशय तिथेच निम्मा झाला.

मग इंजिन बंद करून गेज काढला, जोड पुन्हा घट्ट केले, आणि एकेक सिलिंडर तोडून पाहायला घेतला. नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट थोडा सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर पडतं आणि तो काम करेनासा होतो. ठोका त्याच सिलिंडरचा असेल तर आवाज बदलतो. जाडे हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि नटावर फडकं घेतल्याशिवाय हे करू नये, कारण दाबाखालचं डिझेल कातडी भेदून आत जातं. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या, इंजिनावर तर हे कधीच करायचं नाही. तिथे दाब 1000 बारच्या पुढे जाऊ शकतो.

पहिला नट सैल केला, फरक नाही. दुसरा सैल केला आणि ठोका थांबला.

काका जवळच उभे होते. "हाच का?" मी नट पुन्हा घट्ट केला. सिलिंडर परत चालू झाला, इंजिनाची लय सुधारली, पण ठोका आला नाही. म्हणजे नटाचा आणि ठोक्याचा संबंध नव्हता. नट सैल करताना कानावर आणखी एक आवाज आला होता, फुस्स करून हवा सुटल्याचा. ब्रेकच्या हवेच्या टाक्या भरल्या की गव्हर्नर नावाचा व्हॉल्व्ह हवा भरणाऱ्या कम्प्रेसरवरचा भार काढून घेतो, त्याचा तो आवाज. एअर ब्रेकच्या गाडीत तो इतका रोजचा असतो की कान त्याच्याकडे लक्षच देत नाही.

"काका, केबिनमध्ये बसा आणि ब्रेक दाबत राहा." चाकांना ओट लावलेले होतेच. हवेचा काटा उतरत गेला, कम्प्रेसरने पुन्हा काम धरलं आणि ठोका परत आला. टाक्या भरू दिल्या, ठोका गेला. हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं, दर वेळी तसंच. लांब लोखंडी सळईचं एक टोक कम्प्रेसरच्या अंगावर आणि दुसरं कानाच्या मागच्या हाडावर टेकवलं, तेव्हा आतला रॉड आपटताना स्पष्ट कळला. कम्प्रेसर गिअरने इंजिनाला जोडलेला आणि ब्लॉकला बोल्टने आवळलेला, त्यामुळे त्याचा ठोका सगळ्या ब्लॉकभर पसरतो आणि खाली इंजिनाच्या तेलाच्या चेंबरपाशी ऐकलं तर बेअरिंगसारखाच वाटतो. गर्दीत ब्रेक जास्त, म्हणून कम्प्रेसर जास्त चालतो, म्हणून आवाज जास्त. काकांनी पहिल्याच उत्तरात सगळं सांगितलं होतं.

तेलगळती उरली होती. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून काळं तेल थेंब थेंब पडत होतं. गिअरचं तेल असतं तर गंधकासारखा उग्र वास आला असता, तसा नव्हता. इंजिनाचंच तेल होतं. पण खाली थेंब पडतो तिथेच गळती असते असं नाही. तेल वरून ओघळतं आणि पंख्याचा वारा त्याला मागे ढकलतो. इंजिन धुऊन कोरडं केलं, मागच्या बाजूला टाल्कम पावडर मारली आणि चालवलं. पावडरीवर पहिली काळी रेघ उठली ती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून. ती ब्लॉकच्या पाठीवरून उतरून हाउसिंगमध्ये जात होती. सीलपाशीही ओल होती, पण बरीच कमी.

गॅस्केट बदलून इथेच थांबता आलं असतं. मला मात्र कव्हर आणि सील एकाच वेळी का पाझरतात, हे हवं होतं. चेंबरमधला दाब बघायला डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक पाइप जोडला, त्याचा यू आकार करून निम्मा पाण्याने भरला आणि ब्रीदरचा, म्हणजे चेंबरमधली हवा बाहेर सोडणारा, पाइप मोकळा असल्याची खात्री केली. कम्प्रेसर हवा भरत असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात वीतभर फरक पडला. फुस्स झालं आणि फरक दोन-तीन बोटांवर आला. कम्प्रेसरच्या पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या. दाबलेली हवा रिंगांवरून खाली उतरून, त्याचं तेल ज्या वाटेने परत येतं त्याच वाटेने इंजिनाच्या चेंबरमध्ये घुसत होती. क्रँकच्या सीलची पातळ ओठी तेल अडवण्यासाठी असते, आतून हवेचा दाब सोसण्यासाठी नाही. दाब वाढला की तेल जिथे जागा मिळेल तिथून बाहेर येतं. ठोका आणि गळती, दोन्हींचं मूळ एकच निघालं. असा दिवस या धंद्यात क्वचित येतो, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला.

कम्प्रेसर खोलला तेव्हा सिलिंडरवर उभे ओरखडे होते आणि रॉडचं बेअरिंग हाताला हलत होतं. कारण शेजारीच मिळालं. एअर क्लीनरकडून कम्प्रेसरला येणारा रबरी पाइप खालच्या बाजूने चिरलेला होता आणि तिथून धूळ थेट आत जात होती. नुसता कम्प्रेसर बदलला असता तर नवाही तसाच खराब झाला असता. पाइप बदलला, दुरुस्त केलेला कम्प्रेसर बसवला, टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं घातलं.

मागचा सील मी तसाच ठेवला. कम्प्रेसर बसवल्यावर पुन्हा पावडर मारून चालवलं, तर तिथे फक्त ओलसर कडा उरली, थेंब पडत नव्हता. तेवढ्यासाठी गिअरबॉक्स खाली घेणं मला पटलं नाही, आणि तसं काकांना सांगितलं. ऑइलची पातळी रोज सकाळी काडीवर बघा, थेंब पडायला लागला की या.

त्याहून जास्त मी ब्रेकबद्दल बोललो. असा कम्प्रेसर तेलही वर फेकतो. टाक्यांचे ड्रेन उघडले तर पाण्याबरोबर काळपट चिकटा आला, आणि कम्प्रेसरमधून निघणाऱ्या पाइपच्या आत कार्बन साचला होता. तेलाने ब्रेक व्हॉल्व्हमधली रबरं फुगतात. काकांना गाडी लगेच हवी होती, पण टाक्या साफ करून, पाइप बदलून आणि व्हॉल्व्ह उघडून रबरं बघितल्याशिवाय मी चावी दिली नाही.