सॅक हलकी करायची, पण कुठून?

नेरूळला राहणारा माझा भाचा पावसाळा संपला की जोरात ट्रेकिंग सुरू करणार आहे, आधी आपला सह्याद्री आणि मग मे महिन्यात हिमालय, आणि त्यासाठी त्याने मला खरेदीची यादी पाठवली. फ्रेम नसलेली सॅक, डाऊनची म्हणजे पिसं भरलेली स्लीपिंग बॅग, टायटॅनियमचं भांडं, ट्रेकिंग पोलवर म्हणजे चालायच्या काठ्यांवर उभा राहणारा टेंट. खाली लिहिलेलं, आत्या, एवढं घेतलं की बेस वेट साडेचार किलोच्या आत येतं बघ. बेस वेट म्हणजे पाणी, खाणं आणि इंधन सोडून सॅकमधल्या बाकी सगळ्याचं वजन, आणि साडेचार किलो हा आकडा अमेरिकेतल्या १० पाउंडांवरून आलाय, त्याच्या आत असलात की तुम्ही अल्ट्रालाइट. पोराने अभ्यास केलाय, मला कौतुकच वाटलं. पण ही यादी ज्या वाटांसाठी बनलीय त्या वाटा वेगळ्या आहेत, तिथे लोक महिनोन्महिने मळलेल्या पायवाटेवरून चालत राहतात. आपण शुक्रवारी ऑफिसातून घरी येऊन जेवतो आणि रात्री ठाण्याला कसारा लोकल पकडतो. सॅक आधी गर्दीत पायाखाली, मग जीपच्या टपावर दोरीने आवळलेली, मग करवीच्या रानातून घासत, मग कातळावर. गडाचा पायथा यायच्या आधीच तिची निम्मी परीक्षा झालेली असते. त्याला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते, कारण दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात कोणी ना कोणी हेच विचारतं.

सगळ्यात आधी, वजन दुकानात जाऊन कमी होत नाही, घरी वस्तू काढून ठेवल्याने होतं, आणि ते फुकटात होतं. किचनमधला डिजिटल काटा घ्या आणि सॅकमधली एकेक वस्तू त्याच्यावर ठेवा, कंटाळा न करता, आणि वजनं वहीत लिहा. एक लिटरची स्टीलची बाटली रिकामीच तीन-चारशे ग्रॅम भरते, तेवढंच पाणी मावणारी बिसलेरीची बाटली तीस ग्रॅमच्या आसपास. दोन बाटल्या बदलल्या की अर्धा किलोच्या वर गेलं, टायटॅनियमचं भांडं घेऊन एवढं वाचत नाही. जीन्सची जादा पँट, "लागली तर" म्हणून घेतलेला दुसरा टॉवेल, वीस हजार एमएएचची पॉवर बँक दोन दिवसांच्या ट्रेकला, चौघांच्या ग्रुपमध्ये चौघांचे चार फर्स्ट एड बॉक्स आणि चार चाकू. हे सगळं भीतीचं वजन आहे आणि जवळजवळ प्रत्येकाच्या सॅकमध्ये असतं. औषधं, टॉर्च, शिट्टी आणि एक गरम कपडा याला मात्र हात लावायचा नाही, ते राहूच दे.

एमा गेटवूड नावाची एक अमेरिकन आजी होती, अकरा मुलांची आई. १९५५ साली वयाच्या ६७व्या वर्षी तिने तीन हजार किलोमीटरहून लांब अशी ॲपलाचियन ट्रेल एकटीने एका सीझनमध्ये चालून पूर्ण केली, असं करणारी ती पहिली बाई. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. टेंट नाही, स्लीपिंग बॅग नाही. अल्ट्रालाइटवाले तिला फार मानतात आणि मीही मानते. तिने हलकं सामान विकत घेतलं नव्हतं, तिने सामानच कमी नेलं होतं. (आणि तरी सगळ्यांनी बाथरूमचा पडदा घेऊन हिमालयात जावं असं मी अजिबात म्हणत नाहीये.)

सह्याद्रीत सगळ्यात जड वस्तू पाणी, आणि त्याला हलकं व्हर्जन नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. ऑक्टोबर हीटमध्ये आसनगावहून माहुली गड चढताना माणशी तीन लिटर तरी हवंच, आणि फेब्रुवारीनंतर कित्येक गडांवरची टाकी आटतात किंवा त्यातलं पाणी पिण्यासारखं राहत नाही. म्हणजे बेस वेट साडेचार किलो करा नाहीतर सात, त्याच्यावर तीन-चार किलो पाणी येणारच आणि ते पाठीवर नीट बसलं पाहिजे. इथे फ्रेम नसलेली सॅक मला पटत नाही. सात-आठ किलोपर्यंत ती छान वाटते, त्याच्या वर गेलं की सगळा भार खांद्यावर येतो, कारण वजन कमरेकडे ढकलायला तिच्यात काही नसतंच. साधी फ्रेमवाली साठ लिटरची सॅक दोन किलोच्या आसपास असते, फ्रेमलेस सहा-सातशे ग्रॅम. मधलं काहीतरी घ्या, चाळीस-पंचेचाळीस लिटर, किलो-सव्वा किलोची, पातळ फ्रेम आणि खरा हिप बेल्ट असलेली. साठ लिटरची घेतली की ती भरली जातेच, हे प्रत्येक घरात होतं.

सॅक घेताना लिटर बघण्याआधी पाठ मोजा. मान पुढे वाकवली की मानेच्या खाली जे हाड वर येतं तिथून, कमरेवर हात ठेवून अंगठे मागे घेतले की ते जिथे येतात त्या रेषेपर्यंत, टेपने मोजायचं, घरातलं कोणीही मोजून देतं. हे माप सॅकच्या मापाशी जुळलं पाहिजे, उंचीशी त्याचा संबंध कमी. बायकांनी तर याकडे लक्ष द्याच, कारण आपली पाठ बहुतेक वेळा आखूड असते आणि स्टँडर्ड सॅकचा बेल्ट कमरेच्या हाडावर न बसता खाली मांडीवर येतो, मग तीनशे ग्रॅमने हलकी असो नाहीतर पाचशे, संध्याकाळी खांदे गेलेले असतात. दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघू नका, आत सात-आठ किलो भरायला लावा आणि वीस मिनिटं तिथेच फिरा, जिने असतील तर चढा-उतरा. दुकानदार काही म्हणत नाही, म्हटला तर दुसऱ्या दुकानात जा.

आता कापड. सॅकवर किंवा टेंटवर २१० डी, ४२० डी असं लिहिलेलं असतं ते डेनियर, म्हणजे धागा किती जाड आहे ते. महागड्या अल्ट्रालाइट टेंटचं कापड १० ते २० डेनियरचं असतं, जपून वापरलं तर टिकतं, पण करवंदाच्या जाळीतून किंवा घाणेरीतून जाताना सॅकला बाहेर बांधून नेलं तर फाटणारच. सॅक मी २१० च्या खालची घेत नाही आणि तळाला त्याहून जाड बघते. अलंग-मदनसारख्या कातळकड्यांच्या गडांवर दोराने सॅक वर ओढतात तेव्हा ती कातळावर कशी खरवडते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. डायनिमा नावाच्या हलक्या कृत्रिम धाग्याचं कापड तर सध्या सगळ्यांचं स्वप्न आहे, वजनाच्या मानाने प्रचंड मजबूत, पाणी पीत नाही, ओलं झालं तरी ताणून सैल पडत नाही. पण घासण्यापुढे ते कमी पडतं, किंमत विचारू नका, आणि माझ्यासाठी मोठी अडचण अशी की ते आपला बॅग रिपेअरवाला शिवू शकत नाही, सुईची भोकं मोठी होत जातात म्हणून त्याला खास टेपच लावावा लागतो. साध्या नायलॉनच्या सॅकचा पट्टा उसवला तर ठाणे स्टेशनजवळ कोणीही डबल शिलाई मारून देतो, चेनचा रनर बदलून देतो, तिथल्या तिथे. टिकाऊ म्हणजे न फाटणारं असं मी धरत नाही, फाटलं तर शनिवारी सकाळी नीट होऊन मिळणारं, ते टिकाऊ.

बूट. इथे एक जुना ठोकताळा आहे की पायातल्या एका किलोला पाठीवरच्या चार-पाच किलोंएवढी ताकद लागते, आणि सैन्याच्या अभ्यासांतही साधारण तसंच दिसलंय. म्हणून गुडघ्याखाली निम्म्यापर्यंत येणारे जड लेदरचे बूट सह्याद्रीत नकोत. हलके, घोट्याखालचे घ्या, पण रबर चांगलं पाहिजे, ओल्या कातळावर धरणारं, सोल एवढा पातळ नको की उतरताना प्रत्येक खडा तळव्याला कळेल. महाराष्ट्रात वर्षानुवर्षं लोक ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट घालून कडे चढतायत ते त्या ग्रिपमुळेच, त्यासाठी दहा हजारांचा बूट लागत नाही. वॉटरप्रूफ बूट पावसाळ्यात घेऊ नका, ओढ्यात वरून पाणी शिरलं की ते आतच राहतं, जाळीदार बूट निथळतो आणि चालता चालता बराचसा सुकतो. हिमालयात बर्फ असेल तर मात्र गणित उलटं, तिथे वॉटरप्रूफ आणि घोट्यावरचे.

झोपेवर वजन वाचवू नये असं माझं ठाम मत आहे. टेंटवर वाचवा, आपल्याकडे कित्येक गडांवर गुहा आहे, देऊळ आहे, पायथ्याच्या गावात कोणाच्या तरी घरी पडवी मिळते, जेवण मिळतं आणि गावात चार पैसे जातात, मग अडीच किलोचा टेंट हवाच कशाला. टेंट न्यायचाच असेल तर तळ आणि जाळी असलेला न्या, नुसती ताडपत्री बांधून खाली झोपायचं परदेशी फॅड इथे नको, विंचू आहेत, फुरसं आहे. पण कॅरीमॅट राहू दे. फोमची मॅट चारशे-साडेचारशे ग्रॅमची, भोक पडायची भीती नाही, सॅकच्या बाहेर लावली तरी चालते, दुपारी बसायला काढता येते. हवेची मॅट जास्त मऊ आणि गरम, पण गुहेतल्या खड्यांवर रात्री तीनला हवा गेली की उरलेली रात्र जागूनच जाते. अंगाखालची थंडी मॅट अडवते, स्लीपिंग बॅग नाही, कारण बॅगचा खालचा भाग आपल्याच वजनाने चेपलेला असतो.

बॅगवर दोन तापमानं लिहिलेली असतात, कम्फर्ट आणि लिमिट. युरोपियन स्टँडर्डमध्ये कम्फर्टचा आकडा सरासरी बाईला धरून काढतात आणि लिमिटचा सरासरी पुरुषाला धरून, तोही अंग आखडून झोपलेला. म्हणजे बॅगवर "५ डिग्री" असा जो आकडा मोठ्या अक्षरात छापलाय तो यातला कुठला हे बघा, लिमिट असेल तर मला त्या बॅगेत थंडी वाजणार. हरिश्चंद्रगड १४२४ मीटर, डिसेंबर-जानेवारीत वर पारा दहाच्या खाली जातो आणि वारा असतो, त्याला किलोभर वजनाची सिंथेटिक बॅग पुरते. डाऊन हलकी, लहान घडी होते, पण ओली झाली की पिसं चिकटतात आणि ऊब जाते, आपल्या दमट हवेत मला तिची शाश्वती वाटत नाही. हिमालयाच्या कोरड्या थंडीत तिच्यासारखं काही नाही, पण वर्षातल्या एका ट्रेकसाठी ती विकत घेण्यापेक्षा बेस कॅम्पच्या गावात भाड्याने घ्यावी, असं भाच्याला सांगितलंय. त्याला ते फारसं आवडलं नाही.

रेनकोटबद्दल थोडंच. "ब्रीदेबल" जॅकेट आतली वाफ बाहेर टाकतं ते आत-बाहेरच्या बाष्पाच्या फरकावर. जुलैत बाहेरची हवाच वाफेने भरलेली, फरक उरतच नाही, मग महागड्या जॅकेटमध्येही माणूस घामाने भिजतो. भात लावणाऱ्या बायका इरलं घेतात ते बाजूने मोकळं असतं, वारा खेळतो. साधा पोंचो तसाच काम करतो, फक्त कड्यावर वाऱ्यात तो फडफडतो तेव्हा कमरेला दोरी बांधा. सॅकला बाहेरून कव्हर लावलं तरी पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच, आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं त्यात भरा, शंभर ग्रॅमचं काम आहे.

आणि आपल्या भागात सामान डोंगरावर जेवढं खराब होतं त्याहून जास्त घरात होतं. ठाणे काय, नवी मुंबई काय, खाडी जवळ, चार महिने भिंतींना ओल. टेंटच्या आतला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा थर दमट हवेत हळूहळू विरघळतो, चिकट होतो, वास मारतो आणि पापुद्रे सुटतात. बऱ्याच बुटांच्या सोलमध्येही तेच पीयू असतं, म्हणून खोक्यात नीट ठेवलेला, जेमतेम वापरलेला बूट दोन-तीन वर्षांनी गडावर सोल सोडतो. वापरात असलेला बूट त्यापेक्षा बरा टिकतो. टेंट परत आल्यावर पंख्याखाली पूर्ण सुकवूनच घडी करा, स्लीपिंग बॅग तिच्या छोट्या पिशवीत कोंबून न ठेवता जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा. आणि बूट माळ्यावर असतील तर ट्रेकच्या आदल्या रात्री नको, आत्ताच खाली काढा, सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा, कडेला नखाने टोकरा. भुगा पडला तर बूट गेला. नुसता चिकटवलेला भाग सुटत असेल तर मोच्याकडून चारी बाजूंनी जाड दोऱ्याची शिलाई मारून घ्या, दीड-दोनशे रुपयांत अजून एखादा सीझन निघतो, आणि घरी आल्यावर ते बूट घालून ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात एक चक्कर मारून या.