बायोगॅसला माणूस लागतो

सोसायटीत बायोगॅस बसवायचा म्हटलं की पहिली चर्चा टाकीची होते. केवढी घ्यायची, कितीला पडते, कुठे बसवायची. नवी मुंबईत कोपरखैरण्याला आमच्याकडे टाकी बसल्यापासून आजूबाजूच्या बऱ्याच सोसायट्यांची कमिटी येऊन बघून गेली. रोज त्यात काय जाणार आणि ते कोण बघणार, हे विचारणारं क्वचितच कुणी भेटतं. माझ्या मते टाकी चालणार की बंद पडणार हे तिथेच ठरतं.

मी महापेला एका औषध कंपनीच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून कमिटीने टाकी माझ्यावर सोपवली. पण ती खरोखर चालवतात आमच्या सफाईच्या मावशी.

आत काय चालतं ते सांगते. कचऱ्याचा गॅस करणं हे एकाच जातीच्या जिवाणूंचं काम नाही. काही जिवाणू भात, पोळी, डाळ, तेल यांचे बारीक रेणू करतात. काही त्यांची आम्लं बनवतात. आणि अगदी शेवटी त्या आम्लांमधून मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू, काढणारे येतात. हे शेवटचे तर जिवाणूही नव्हेत, आर्किया नावाचा वेगळाच गट आहे. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ साली तो जिवाणूंपासून वेगळा काढला. त्यांना हवा चालत नाही, आंबटपणा सोसत नाही आणि ते वाढतातही सावकाश. आम्लं बनवणारे मात्र भराभर वाढतात. त्यामुळे एका दिवशी टाकीत भरमसाट पडलं की आम्ल साचत जातं आणि मिथेनवाले हात टेकतात. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. तो ७ च्या आसपास असेल तोवर काळजी नाही. साडेसहाच्या खाली गेला की गॅस कमी होतो आणि जो येतो त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त, त्यामुळे तो धड पेटत नाही.

गेल्या गणपतीत नेमकं हेच झालं. महाप्रसादाचा उरलेला भात आणि शिरा कुणीतरी रात्री पातेलीच्या पातेली टाकीत रिकामा केला. मावशी त्या दिवशी सुट्टीवर होत्या. परत आल्या आणि झाकण उघडताच म्हणाल्या, "ताई, आंबूस वास येतोय. आज हिला काही घालायचं नाही." मी पीएचची पट्टी बुडवली, तर त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं. मग टाकीला उपास घातला, थोडी चुन्याची निवळी आणि गावठाणातल्या गोठ्यातून आणलेलं ताजं शेण कालवून सोडलं. निळी ज्योत यायला बरेच दिवस गेले. पट्टीने मला आकडा दिला, पण पट्टी बुडवायची वेळ आली आहे हे मावशींच्या नाकाने सांगितलं. लॅबमध्ये इतकी वर्षं काढूनही तो वास मला तितक्या लवकर कळत नाही.

सकाळी त्या बादली घेऊन बसतात तेव्हा बघण्यासारखं असतं. हातमोजे घालून एकेक गोष्ट बाजूला काढतात: नारळाची करवंटी, आंब्याची कोय, अंड्याची टरफलं, शेवग्याचा चोथा, बोंबलाचे काटे, चहाच्या पुडीची स्टेपलची पिन. लिंबू-मोसंबीच्या साली वेगळ्या डब्यात, कारण सालीतल्या तेलातलं लिमोनीन जिवाणूंना मारक असतं. हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. आता वरच्या मजल्यावरच्या बायकांना त्या समजावतात.

आकडे आमच्यापुरते सांगते. दिवसाला साधारण २० किलो ओला कचरा जातो, त्यातून २ घनमीटरच्या आसपास गॅस येतो. वॉचमनच्या खोलीतली एक शेगडी त्यावर चार-साडेचार तास चालते. सिलिंडरच्या भाषेत महिन्याला पावणेदोन-दोन सिलिंडर. गॅसला कुजक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. त्यासाठी वाटेत एका पाइपात लेथवर निघणारा गंजका लोखंडी कीस भरला आहे. रबाळ्याच्या वर्कशॉपमध्ये तो पोतंभर मिळतो. काळा पडला की बाहेर पसरून हवा द्यायची, पुन्हा कामाला येतो. टाकीतून बाहेर पडणारी स्लरी पाण्यात कालवून बागेला जाते. आमची जास्वंद तिच्यावरच पोसली आहे.

मुंबईला हे काही नवं नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लागले होते. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' प्रकल्प उभा केला. त्यात कचरा वाटून, गरम पाण्यात कालवून आधी हवा असलेल्या टाकीत जातो आणि मग हवाबंद टाकीत. म्हणजे भराभर काम करणारे आणि सावकाश काम करणारे, दोघांची घरंच वेगळी केली. मला ही कल्पना फार आवडते. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी शेणाऐवजी उष्ट्या-खरकट्यावर चालणारा घरगुती बायोगॅस बनवला, त्याला २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आमची टाकी त्याच वळणाची, एकच खण असलेली. म्हणूनच तिला रोज बेतानेच घालावं लागतं.

याउलट शेजारच्या एका सोसायटीने 'चोवीस तासांत खत' म्हणून विजेवरचं महागडं मशीन घेतलं. मी त्यातलं खत आणून ओल्या फडक्यात बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याला शिळ्या भाजीचा वास सुटला. मशीनने कचरा तापवून सुकवला होता, कुजवला नव्हता. चोवीस तासांत खत तयार होत नाही, त्याला काही आठवडे लागतात. ते सुकं कुंडीत घातलं की तिथे कुजायला लागतं आणि झाडाची मुळं त्रासतात. सोसायट्यांचे पैसे असे जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण एकदा फसलेली कमिटी पुन्हा दहा वर्षं या विषयाला हात लावत नाही.

येत्या वार्षिक सभेत मी ठराव ठेवला आहे. मावशींना झाडलोटीच्या पगाराशिवाय टाकी चालवण्याचा वेगळा पगार मिळावा, आणि त्या रजेवर असतील तेव्हासाठी आणखी एकजण त्यांच्याच हाताखाली शिकून तयार व्हावं. सिलिंडरचे जे पैसे वाचतात ते त्यातच घालावेत. टाकी बघायला यायचं असेल त्यांनी सकाळी नऊच्या सुमारास या, मावशी तेव्हा तिथेच असतात. तुमचे प्रश्न आधी त्यांना विचारा.