१२० मिलिमीटरची फ्रेम : निवडीपासून जोडणीपर्यंत

पुण्याच्या टेकड्यांवर हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, चालते. वेताळ टेकडीवर सुटा मुरूम आणि मध्येच उघडा पडलेला काळा दगड, एवढंच बहुतेक असतं. १२० मिमी दबणारा फोर्क (पुढचं सस्पेन्शन) आणि २.४ इंची टायर असले की उतार निभतो. अडतं ते चढावर. बसून पॅडल मारताना मागचं चाक प्रत्येक दगडावर उडतं आणि पकड सुटते. उठून मारावं तर मुरमावर चाक जागीच फिरतं. मला मागे सस्पेन्शन हवं होतं ते या चढासाठी, उड्यांसाठी नव्हे. म्हणून शोध १०० ते १३० मिमी ट्रॅव्हलच्या, म्हणजे मागचं चाक तेवढं वर दबेल अशा फ्रेमच्या, पट्ट्यातच ठेवला. दोन तासांच्या फेरीत दीड तास चढ असेल, तर १५० मिमीची जड फ्रेम आणि तिचा जड फोर्क वर ओढत नेण्यात अर्थ नाही.

सुरुवातीला तक्त्यात दोनच रकाने होते, ट्रॅव्हल आणि वजन. त्यातून काहीच ठरेना. ट्रान्झिशन स्पर, ट्रेक टॉप फ्युएल, स्पेशलाइज्ड एपिक ८, सांता क्रूझ टॉलबॉय या सगळ्या मागे १२० मिमी देतात, पण एक शर्यतीकडे झुकलेली, दुसरी उताराकडे. मग रकाने बदलले: शॉकची (मागच्या सस्पेन्शनच्या नळकांड्याची) लांबी आणि स्ट्रोक (तो किती दबतो), सीट ट्यूबमध्ये पोस्ट किती खोल जाते, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या दांड्यांचा अक्ष बसतो तो भाग) कुठल्या प्रकारचा, बेअरिंगचे नंबर, हँगर (मागचा डिरेलर टांगायचा तुकडा) कुठला. हे रकाने भरल्यावर यादी अर्ध्यावर आली. फ्रेम पाच-सात वर्षं वापरायची असेल आणि तिचे सुटे भाग इथेच मिळायला हवे असतील, तर खरी निवड या रकान्यांत होते.

शॉकपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. मागच्या चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक, म्हणजे सरासरी लिव्हरेज रेशो. ४५ मिमी स्ट्रोकवर १२० मिमी ट्रॅव्हल असेल तर २.६७, ५० मिमीवर २.४, ४० मिमीवर थेट ३. आकडा जितका मोठा, तितका शॉकमध्ये हवेचा दाब जास्त लागतो आणि डॅम्पिंगला (उसळी आवरणाऱ्या यंत्रणेला) काम करायला शाफ्टची हालचाल कमी मिळते. ६० किलोच्या माणसाला ३ चालून जातो. ९० किलोच्या पुढच्याला दाब शॉकवर छापलेल्या कमाल मर्यादेजवळ न्यावा लागू शकतो, आणि रिबाउंडचा (शॉक परत उघडण्याचा वेग ठरवणारा) स्क्रू जवळजवळ बंद करूनही शॉक उसळत राहतो. मी २.७ च्या वरच्या फ्रेम काढून टाकल्या.

सरासरीपेक्षा, शॉक दबताना हा रेशो कसा बदलतो त्या आलेखाचा उतार महत्त्वाचा. माझ्या फ्रेमचा रेशो २.९ पासून सुरू होऊन २.४ वर संपतो, म्हणजे सुमारे १७ टक्के प्रोग्रेशन. हवेच्या शॉकला १५ ते २५ टक्के छान जुळतं. आलेख सपाट असेल तर छोट्या ट्रॅव्हलची फ्रेम लहानशा खड्ड्यातही तळाला आदळते. मग आत व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) भरत बसावं लागतं आणि मधला भाग कडक होतो. जिथे ट्रॅव्हलच कमी, तिथे ही चूक लगेच जाणवते.

अँटी-स्क्वॉटचे, म्हणजे पॅडल मारताना मागचं सस्पेन्शन दबण्याला होणाऱ्या विरोधाचे, आकडे वाचताना आलेख किती दातांच्या चेनरिंगवर (पुढच्या दातेरी चक्रावर) काढलाय ते आधी बघा. बहुतेक रचनांमध्ये चेनरिंग मोठी केली की अँटी-स्क्वॉट घटतं. सॅगच्या जागी, म्हणजे नुसतं बसल्यावर सस्पेन्शन जेवढं दबतं तिथे, चढाच्या गिअरमध्ये १०० ते १२० टक्के असेल तर लॉकआउटची (सस्पेन्शन बंद करायच्या खटक्याची) आठवण येत नाही. त्याहून फार जास्त असेल तर दगडांवरून बसून चढताना पॅडलला झटके बसतात, आणि मला नेमकं तेच टाळायचं होतं.

शॉकच्या मापात आणखी दोन फसवणुकीच्या जागा आहेत. १९० बाय ४० आणि १९० बाय ४५ (लांबी बाय स्ट्रोक) हे शॉक बाहेरून सारखे दिसतात. अनेकदा आतला एक स्पेसर एवढाच फरक असतो. तो काढून ट्रॅव्हल वाढवायचा मोह होतो, पण फ्रेम त्यासाठी बनलेली नसेल तर पूर्ण दाबल्यावर टायर सीट ट्यूबला घासतो. दुसरी जागा ट्रनियनची. १६५ बाय ४५ ट्रनियन आणि १९० बाय ४५ साधा आयलेट (दोन्ही टोकांना भोकाची कडी असलेला) यांचा स्ट्रोक एकच, पण ट्रनियनमध्ये बोल्ट थेट शॉकच्या अंगात बसतात आणि फ्रेम जराशी वाकडी असेल तर ती वाकण शाफ्टवर येते. एका बाजूने झिजलेला शाफ्ट दिसला की कारण बहुधा हेच असतं. मी आयलेटवाली फ्रेम घेतली. उद्या शॉक बदलायचा झाला तर त्या मापाचे शॉक सहज मिळतात.

आता सीट ट्यूब. फुल सस्पेन्शनमध्ये ती सरळ खालपर्यंत जातेच असं नाही. मध्ये पिव्हट (सांधा) किंवा बाक येतो आणि ड्रॉपर पोस्ट (चालवताना सीट खालीवर करता येणारा) तिथेच अडतो. हिशेब सोपा आहे. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत माझं माप ७०५ मिमी. सीटची जाडी, म्हणजे रेल्सपासून माथा, ४५ मिमी. सीट ट्यूब ४३० मिमी. ७०५ मधून ४५ आणि ४३० वजा केले की कॉलरच्या (सीट ट्यूबच्या वरच्या काठाच्या) वर २३० मिमी उरतात. १७० मिमीचा ड्रॉपर रेल्सपर्यंत एकूण ४७५ मिमी लांब असेल, तर २४५ मिमी ट्यूबच्या आत जायला हवेत. १५० मिमीचा ४२० लांब असेल, तर आत १९० पुरतात. शेवटच्या यादीतल्या एका फ्रेमची खोली २१० मिमी होती. तिथे १७० विसरावा लागला असता. कमाल खोली जॉमेट्रीच्या तक्त्यात बहुधा नसते, कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सापडते.

जॉमेट्रीत हार्डटेलचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. हार्डटेलवर बसलं की फक्त फोर्क दबतो, सायकल पुढे झुकते, सीट ट्यूब उभी होते. फुल सस्पेन्शनवर मागचंही दबतं आणि चढावर वजन मागे गेल्यामुळे आणखी दबतं. म्हणून हार्डटेलवर ७४ अंशांची इफेक्टिव्ह सीट ट्यूब (बॉटम ब्रॅकेट ते सीट या रेषेचा कोन) पुरत असेल, तर इथे ७५.५ ते ७६.५ बघावी. उंच माणसांनी प्रत्यक्ष ट्यूबचा कोनही बघावा. तो ७०-७२ अंशांचा असतो, त्यामुळे सीट जसजशी वर जाते तसतशी ठरलेल्या रेषेपेक्षा मागे जाते. हेड अँगल (फोर्कच्या नळीचा कोन) ६६ च्या आसपास, चेनस्टे (बॉटम ब्रॅकेट ते मागचा अक्ष) ४३५, रीच (बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंतचं आडवं अंतर) मीडियममध्ये ४५० ते ४६०, यावर माझा फार वेळ गेला नाही. १२० ऐवजी १३० चा फोर्क लावला तर हेड अँगल साधारण अर्धा अंश पडतो, बॉटम ब्रॅकेट तीन-चार मिमी वर येतो आणि रीच चार-पाच मिमी कमी होतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. फ्रेमला किती लांबीपर्यंतचा फोर्क चालतो हे मात्र लेखी बघा. वॉरंटी त्यावर असते.

दगडाळ पायवाटांसाठी क्रँकची (पॅडलच्या दांड्याची) लांबी मी फ्रेमसोबतच ठरवली. बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून ३३२ मिमी. सॅगनंतर पुढून-मागून मिळून तो ३० मिमी खाली येतो. १७५ चा क्रँक खाली असताना पॅडलचा अक्ष १२७ मिमीवर राहतो आणि पॅडलची अर्धी जाडी त्यातून आणखी वजा. वेताळ टेकडीवरचे दगड एवढे सहज असतात. १६५ किंवा १७० घ्या.

सस्पेन्शनच्या रचनेवर लोक तासन्‌तास भांडतात. मी ते थोडक्यात आटपलं. हॉर्स्ट लिंक म्हणजे चेनस्टेवर, ॲक्सलच्या पुढे पिव्हट. फ्लेक्स स्टेमध्ये मागचा पिव्हटच नसतो, स्टे स्वतः वाकतो. ट्रॅव्हल लहान असल्याने हे वाकणं थोडंसंच असतं आणि म्हणूनच ही युक्ती मुख्यतः या वर्गात दिसते. बेअरिंग कमी, वजन कमी. स्पर अशीच आहे आणि पावसाळ्याच्या दृष्टीने मला ती कल्पना मनापासून आवडते. डीडब्ल्यू लिंक आणि व्हीपीपीमध्ये दोन छोट्या लिंक असतात. खालची बॉटम ब्रॅकेटजवळ, थेट चिखलाच्या वाटेत. वाईट काहीच नाही, पण तिथलं बेअरिंग आधी जातं हे गृहीत धरा. कार्बन फ्लेक्स स्टे माझ्या खिशात बसेना, म्हणून ॲल्युमिनियमची हॉर्स्ट लिंक घेतली. शॉकसह कार्बनच्या फ्रेम साधारण अडीच किलोच्या, ॲल्युमिनियमच्या साडेतीनच्या घरात. हा एक किलो चढावर कळतो, पण डाऊन ट्यूबखाली दगड बसल्यावर ॲल्युमिनियमचा पोचा डोळ्यांना दिसतो, हीही सोय आहे.

बेअरिंगची यादी मागितल्याशिवाय फ्रेमचे पैसे देऊ नका. माझ्या फ्रेममध्ये ६९०२ चार (१५ बाय २८ बाय ७), ६९०० चार (१० बाय २२ बाय ६) आणि ६८८ चार (८ बाय १६ बाय ५) आहेत. ही मापं बेअरिंगच्या कुठल्याही चांगल्या दुकानात मिळतात. मागताना ‘टूआरएस’, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली मागा. ‘झेडझेड’ पत्र्याची असतात, पावसात टिकत नाहीत. पिव्हट पूर्ण फिरत नाही, जेमतेम काही अंश मागेपुढे होतो, त्यामुळे तेच तेच बॉल एकाच जागी दाब घेतात आणि तिथे खळगे पडतात. म्हणून फ्रेमवाले ‘मॅक्स’ प्रकारची, पिंजरा काढून जागा पूर्ण बॉलनी भरलेली बेअरिंग घालतात. ती न मिळाल्यास साधी चालतात, फक्त लवकर बदलावी लागतात. नवीन बेअरिंगचं सील सुईने अलगद उचलून आत ग्रीस गच्च भरा. वेग नसल्याने जास्त ग्रीसने काही बिघडत नाही.

बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, बीएसए ७३ मिमी, यावर मी तडजोड केली नाही. पीएफ९२ (आट्यांशिवाय दाबून बसवायचा) चांगल्या मापात बनलेला असेल तर गप्प राहतो, पण मुरमाची धूळ आत गेली की करकर सुरू होते आणि प्रेसशिवाय हात लावता येत नाही. हेडसेटमधून (हँडलखालच्या बेअरिंगमधून) केबल नेणाऱ्या फ्रेमही मी काढून टाकल्या. वरचं हेडसेट बेअरिंग आपल्या पावसात एका मोसमात गंजू शकतं, आणि तेवढ्यासाठी ब्रेकचा होज सोडून पुन्हा ब्लीड करणं (तेलातली हवा काढणं) ही विनाकारण मेहनत आहे. हँगर यूडीएच, म्हणजे अनेक कंपन्यांच्या फ्रेमला चालणारा एकच हँगर. स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये आणलेलं हे माप आता बऱ्याच कंपन्या वापरतात, त्यामुळे हँगर मोडला तर नेमका मॉडेल शोधत बसावं लागत नाही. त्याचा बोल्ट उलट्या आट्यांचा आहे: सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, आवळताना उलटा, २५ न्यूटन मीटरवर.

वापरलेल्या फ्रेमही पाहिल्या. तिथे पहिलं काम म्हणजे शॉक काढून मागचा त्रिकोण हाताने वरखाली करणं. तो स्वतःच्या वजनाने मऊपणे खाली यायला हवा. अडखळला तर बेअरिंग गेलेली, बाजूला हलला तर बेअरिंग किंवा त्यांच्या बैठका सैल. बैठक मोठी झालेली असेल तर नवीन बेअरिंगने भागत नाही. अशी फ्रेम सोडून द्यावी. नंतर सीट ट्यूब आणि टॉप ट्यूबचा जोड, बॉटम ब्रॅकेटमागचा चेनस्टेचा भाग आणि केबलच्या भोकांच्या कडा टॉर्चने बघाव्यात. रंगाची चीर नखाला लागत नाही, धातूची लागते.

बाहेरून मागवताना हिशेबात दोन गोष्टी धरा. सीमाशुल्क फक्त फ्रेमच्या किमतीवर नसतं. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर असतं, आणि त्यावर आयजीएसटी. कुरियरवाले वजन खोक्याच्या आकारावरून धरतात: १०० बाय ५५ बाय २५ सेंटिमीटरचं खोकं भागिले ५००० म्हणजे साडेसत्तावीस किलो, आत फ्रेम साडेतीन किलोची असली तरी. फोर्क आणि हेडसेट त्याच खोक्यात बसत असतील तर एकत्रच मागवा.

जोडणीत जुन्या हार्डटेलचं बहुतेक सगळं सामान बसलं, कारण तिचं मागच्या हबचं माप बूस्ट १४८ मिमीच होतं आणि क्रँकची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) ५२ मिमी. चूक झाली ती शॉकच्या हार्डवेअरमध्ये (तो फ्रेमला बसवणाऱ्या सुट्या भागांत). फ्रेमच्या कानांमधली (शॉक धरणाऱ्या दोन पात्यांमधली) जागा मी टेपने मोजली, ३० मिमी समजून मागवलं. प्रत्यक्षात व्हर्नियरने थोडी कमी निघाली, कारण नव्या रंगाचा थर आतल्या बाजूला होता. जोर लावून घातलं असतं तर शॉक आडवा दाबला गेला असता. कानांच्या आतला रंग बारीक पॉलिश पेपरने काढल्यावर हार्डवेअर हाताच्या दाबाने बसलं. पिव्हटचे बोल्ट सोडून, निळं लॉकटाइट लावून मॅन्युअलमधल्या टॉर्कवर पुन्हा आवळले. कारखान्यातून आलेल्यांपैकी दोन हाताने सुटण्याइतके सैल होते.

सामान चढवण्याआधी शॉकमधली सगळी हवा काढून, चाक लावून फ्रेम पूर्ण दाबून बघा. टायर आणि सीट ट्यूब यांत, तसंच ड्रॉपर खाली असताना टायर आणि सीट यांत, किमान ६ मिमी मोकळी जागा हवी. मागच्या ब्रेकचा होज आणि केबल या वेळी ताणली जाते की नाही तेही दिसतं. माझ्याकडे होज दोन सेंटिमीटर आखूड पडला आणि वेळेत कळला.

हवा भरताना पौंडातल्या वजनाइतके पीएसआय इथून सुरुवात. बूट, पाणी, बॅग धरून ७८ किलो म्हणजे १७२ पौंड, म्हणून १७२ पीएसआय. ४५ मिमी स्ट्रोकच्या २८ टक्के म्हणजे १२.६ मिमी सॅग हवा होता, मिळाला ११. १६२ वर तो साडेबारा आला. पहिल्या तीन फेऱ्यांनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. रॉकरचा (शॉकला जोडणाऱ्या लिंकचा) एक पाव फेरी फिरला. शॉकच्या शाफ्टवरची ओ-रिंग (तो किती दबला ते दाखवणारी रबरी कडी) सगळ्यात मोठ्या पायरीवर टोकापासून ३ मिमी अलीकडे थांबत होती, म्हणून व्हॉल्यूम स्पेसरला हात लावला नाही.