पॅरिसच्या गल्लीत काउबॉयपट

पॅरिसला जाऊन काउबॉयचे सिनेमे बघणार, हे ऐकून घरच्यांनी कपाळाला हात लावला. पण जुने वेस्टर्न थिएटरात पाहायचे तर याहून सोयीचं शहर मला तरी माहीत नाही. इथे त्यासाठी महोत्सवाची वाट बघावी लागत नाही. आडवारी दुपारच्या खेळालाही जॉन वेन घोड्यावर असतो.

मुक्काम शक्यतो लॅटिन क्वार्टरजवळ ठेवा. मेट्रोच्या १० नंबर लाइनवर क्लुनी-ला सोर्बोनला उतरलं की शाँपोलियाँ नावाची अरुंद गल्ली जवळच आहे. तिच्या कोपऱ्यावर १९३८ पासूनचं ल शाँपो, आणि आत गेलं की फिल्मोथेक आणि रफले मेदिसिस. ओदेओंच्या बाजूला क्रिस्तीन सिनेमा क्लब आहे. जुन्या हॉलिवूडसाठी त्याचा कार्यक्रम आधी तपासा. ही सगळी छोटी थिएटरं आहेत, आयमॅक्सची अपेक्षा घेऊन जाऊ नका. पुढच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसलात की पडदा पुरेसा मोठा होतो. खरोखर मोठं सभागृह हवं असेल तर बेर्सी भागातलं सिनेमाथेक फ्रान्सेझ हे चित्रपट-संग्रहालय गाठा. इमारत फ्रँक गेरीची आहे, आणि मंगळवारी बंद असते.

फ्रान्समध्ये नवे कार्यक्रम बुधवारपासून लागतात, त्यामुळे आठवड्याचा बेत त्याआधी पक्का करू नका. जाहिरातीत ‘व्हीओ’, म्हणजे मूळ भाषेत, असं लिहिलंय ना, ते बघा. ‘व्हीएफ’ असेल तर जॉन वेन फ्रेंच बोलेल. नावंही सरळ सापडत नाहीत. ‘हाय नून’ इथे ‘गाडी तीनदा शिट्टी देईल’ अशा अर्थाच्या नावाने लागतो, आणि ‘द सर्चर्स’ ‘वाळवंटातली बंदिनी’ होऊन. म्हणून दिग्दर्शकाचं नाव आणि साल यांवरून शोधा.

सबटायटल्स फक्त फ्रेंच. ‘रिओ ब्राव्हो’तल्या बोळक्या तोंडाच्या स्टंपीचं इंग्रजी मला निम्मंच कळलं. तरी बिघडलं नाही, कारण त्या सिनेमाची सुरुवातच जवळजवळ मुकी आहे. दारुड्या डीन मार्टिनसाठी कुणीतरी पिकदाणीत नाणं टाकतं आणि तो ते काढायला वाकतो. सगळी कथा तिथेच बांधली जाते. ‘द सर्चर्स’मध्ये (१९५६) डोंगरकड्यावरून कोमांची या मूळ रहिवासी जमातीचे स्वार खालून जाणाऱ्या नायकाच्या तुकडीच्या बरोबरीने चालू लागतात. मोबाइलवर ते ठिपके दिसतात. इथे एकेक घोडा वेगळा दिसला आणि पोटात गोळा आला. मूळ रहिवाशांचं चित्रण आज खटकतं, आणि खटकावंच. दिग्दर्शक जॉन फोर्डने नायकाचा त्यांच्याबद्दलचा द्वेष मात्र लपवलेला नाही.

सर्जिओ लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) मिळाला तर बाकीचं सगळं रद्द करा, आयफेल टॉवरसुद्धा. सुरुवातीला स्टेशनवर तीन बंदूकवाले गाडीची वाट बघतात, बस्स. पवनचक्कीची कुरकुर, टोपीवर ठिबकणारं पाणी, गालावरची माशी, हे सगळं थिएटरच्या आवाजातच ऐकावं. पुढे शेतावर कुटुंबाची हत्या होते, शेवटी उरतं लहान पोर, गोळी सुटते आणि पुढचं दृश्य थेट आगगाडीचं. ‘शोले’ पाहिलेल्या माणसाला इथे ठाकूरचं घर न आठवलं तरच नवल.

आता एक अगदी आपल्याकडच्या सवयीचं: मध्यंतर नसतं. लिओनेचा सिनेमा पावणेतीन तासांचा आहे, तेव्हा चहा-कॉफी बेताने घ्या. समोसा, पॉपकॉर्नचा घमघमाटही नाही. पिशवी खुडबुडली तरी लोक वळून बघतात. या छोट्या थिएटरांत बहुधा खुर्च्यांना नंबर नसतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना बऱ्याच ठिकाणी सवलत असते, ओळखपत्र जवळ असू द्या. रात्रीचा खेळ घेणार असाल तर शेवटची मेट्रो तपासा. शुक्रवारी-शनिवारी ती एरवीपेक्षा साधारण तासभर उशिरापर्यंत मिळते.