चंपावतच्या थंडीत प्लॅस्टिकखालचं तळं

जानेवारीत मासे बघायला उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या डोंगरात कोण जातं? पण निफाडकडच्या आमच्या शेततळ्यात थंडी पडली की रोहू-कटला खाणं टाकतात. चंपावतला याहून कडक थंडी, तरी तिथं मासे वाढतात म्हणे. म्हणून निघालो. टनकपूरपर्यंत रेल्वे, पुढे साधारण 75 किलोमीटर शेअर जीप. सगळा घाटच, पोट हलकं ठेवा.

ज्यांच्याकडे गेलो त्यांना सगळे दाज्यू म्हणतात, म्हणजे दादा. तळं 100 चौरस मीटरचं. खाली आपल्या शेततळ्यासारखाच प्लॅस्टिकचा कागद, वर पाइपच्या कमानी आणि पॉलिहाउसचं प्लॅस्टिक. छप्पर आधी सपाट होतं, बर्फाच्या वजनानं खाली आलं. आता चांगला उतार दिलाय. मासे गवत्या (ग्रास कार्प), चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प). आत शिरलो तर चष्म्यावर वाफ आणि मानेवर टपकन गार थेंब.

सकाळी सातला शेजारच्या उघड्या तळ्यात पाणी 7 अंश, आत 12. एवढ्यासाठी एवढा खर्च? मी हिरमुसलो. दाज्यू म्हणाले, "दुपारपर्यंत थांबा." दोन वाजता आत 14 झालं. त्यांनी मोहरीची पेंड आणि भाताचा कोंडा कालवून मूठभर टाकला, आणि पाण्याखाली ढवळाढवळ सुरू झाली. पाणी दहाच्या खाली गेलं की सायप्रिनस जवळजवळ खातच नाही. या चार-पाच अंशांचेच पैसे मोजायचे. खाणं मात्र दुपारीच, तेही बेतानं. उरलेलं तळाशी कुजतं.

खरी मेख पडद्यात आहे. झाकलेल्या पाण्याला वारा लागत नाही, मग पाण्यात प्राणवायू कमी पडतो. एकदा सलग दोन दिवस ढग होते, गारठ्याच्या भीतीनं बाजूचे पडदे उघडलेच नाहीत. तिसऱ्या पहाटे मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते. तेव्हापासून ऊब गेली तरी चालेल, पण अकराला पडदा वर.

जाणाऱ्यांनी मुक्काम करावा, सकाळ-दुपार दोन्ही बघितल्याशिवाय काही कळत नाही. दोरी बांधलेला थर्मामीटर न्या. आपल्या तळ्यातले गमबूट नेऊ नका, रोग सोबत जातो. भीमतालच्या शीतजल मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र चंपावतलाच आहे. आधी परवानगी काढा. जेवायला भटाची, म्हणजे काळ्या सोयाबीनची, चुडकाणी ही आमटी मिळाली तर सोडू नका.

आख्खं शेततळं झाकणं मला परवडणार नाही. आणि रोहू-कटल्याला याहून ऊब लागते. सध्या फक्त बोटुकल्यांच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांच्या, टाकीवर बांबू वाकवून बसवलेत.